कालियाचे पुढे काय झाले?

आमच्या वसतिगृहाच्या भोजनगृहात एक दूरचित्रवाणी संच आहे. रविवारी सकाळी वंदना, नाश्ता आणि कपडे धुणे आटोपले की दोन तास तो मुलांच्या स्वाधीन असतो. त्या दोन तासांत काय पाहावे यावर आम्ही शिक्षकांनी आजवर अनेक ठराव केले आणि ते सर्व मुलांनी अत्यंत नम्रपणे निकालात काढले. मुले कार्टून पाहतात. पाचवीची मुले उघड पाहतात आणि ‘आम्ही नाही बुवा असले पाहत’ असे म्हणणारी दहावीची मुले ताट धुण्याच्या निमित्ताने दाराशी उभी राहून पाहतात. अधीक्षक रजेवर असले की ही देखरेख माझ्याकडे येते, म्हणून मीही पाहतो. आरंभी वर्तमानपत्र आडवे धरून पाहत असे, आता ते धरत नाही.

स्मरणिकेत इतिहासाच्या शिक्षकाने इतिहासावर लिहावे ही अपेक्षा रास्त आहे. परंतु गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर या भागांतील आपल्या कितीतरी मुलांचे आईवडील दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या फडावर जातात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. त्या पाच-सहा महिन्यांत या मुलांच्या सोबतीला आम्ही शिक्षक असतो, मित्र असतात आणि ही पडद्यावरची पात्रे असतात. माणसाचा स्वभाव कसा घडतो, तो बदलतो की नाही आणि बदलत असल्यास कशामुळे, याविषयीच्या मुलांच्या पहिल्या कल्पना माझ्या तासातून फार थोड्या येतात. त्या बऱ्याच अंशी या रविवारच्या दोन तासांतून येतात. म्हणून या पात्रांची जरा कसून चौकशी करणे मला माझ्या विषयाच्या बाहेरचे वाटत नाही.

प्रारंभ ‘छोटा भीम’पासून करणे भाग आहे. हैदराबादच्या ग्रीन गोल्ड या संस्थेने राजीव चिलका यांच्या कल्पनेतून काढलेली ही मालिका २००८ साली पोगो वाहिनीवर सुरू झाली आणि तेव्हापासून ती आपल्या घराघरांत आहे. आपल्या वस्त्यांत तिचे स्वागत जरा निराळ्या कारणानेही झाले. पहिलीतील एका चिमुकल्याने मला अतिशय गंभीरपणे विचारले होते, “सर, हा भीम आपलाच हाय का?” मी ‘नाही’ म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. पण लगेच सावरून तो म्हणाला, “मग लाडू खाऊन ताकद का येती त्याला? आपल्याला तर पुस्तकानं येती म्हन्तेत.” इतकी नेमकी समीक्षा मी नंतर कुठे वाचली नाही.

ढोलकपूर गावात भीम आहे, चुटकी आहे, राजू आहे, जग्गू माकड आहे. आणि भीमाचा हेवा करणारा, खादाड, दांडगा, शेवटी हमखास फजित होणारा कालिया आहे. कालिया आज जसा आहे तसाच तो पहिल्या दिवशी होता. एखाद्या साहसात तो भीमाच्या बाजूने उभा राहतोही, पण पुढच्या भागात त्याचे त्याला स्मरण नसते, गावालाही नसते. आणि नाव पाहा. दांडगट मुलासाठी जे नाव निवडले गेले त्यातच काळेपण आहे. लेखकाच्या मनात तसे नसेलही. परंतु नाव एकदा वर्गात आले की ते लेखकाचे राहत नाही.

ते वर्गात कसे येते हे मी पाहिले आहे, आणि त्यात माझाही हात आहे. मालिका नवीन होती त्या काळात, दुसऱ्या एका शाळेत, सहावीच्या वर्गात एक मुलगा बदलून आला. रंगाने गर्द सावळा, अंगाने थोराड. दोन दिवसांत त्याचे नाव ‘कालिया’ पडले. पहिल्या आठवड्यात तो त्यावरून भांडला. दुसऱ्या आठवड्यात त्याने दोघांना मारले. महिन्याभराने मात्र एक विचित्र गोष्ट घडू लागली. तो खरोखर कालियासारखा वागू लागला. दुसऱ्याच्या ताटातली भाकर ओढून घ्यावी, मोठ्याने हसावे, पडावे, इतरांना हसवावे. मुलांनी त्याला एक भूमिका दिली होती आणि तिच्यात निदान जागा तरी होती. एके दिवशी हजेरी घेताना माझ्याही तोंडून सहज निघून गेले, “कालिया आला का?” वर्ग खदखदून हसला. तो उभा राहिला आणि म्हणाला, “हजर.” त्या एका शब्दाचा आवाज अजून माझ्या कानांत आहे. जन्माने माणूस ठरत नाही हे ज्या तोंडाने मी सकाळी प्रार्थनेच्या वेळी सांगितले होते, त्याच तोंडाने दुपारी मी त्याला ठरवून टाकले होते. वर्षअखेरीस तो शाळा सोडून गेला.

पात्र बदलत नाही, यात एवढे काय बिघडले, असे पुष्कळजण विचारतात. आधी पात्रे बदलत का नाहीत ते पाहू. त्याचे कारण कलेपेक्षा धंद्यात अधिक आहे. वाहिनीला असे भाग हवे असतात की जे कोणत्याही दिवशी, कोणत्याही क्रमाने, दहा वेळा लावता येतील. मूल मधूनच येऊन बसले तरी त्याला मागचे काही ठाऊक असण्याची गरज पडू नये. म्हणून प्रत्येक भागाच्या शेवटी सारे काही पूर्वस्थितीला आणून ठेवावे लागते. मोडलेली भिंत उभी राहते, झालेली चूक पुसली जाते, मागितलेली क्षमा विसरली जाते. त्यात चित्रपात्राची एक खास अडचण आहे. जिवंत नट काही केले तरी वयाने वाढतो. मालिकेतील बालकलाकाराला मिसरूड फुटते आणि लेखकाला निमूटपणे कथा पुढे न्यावी लागते. रेखाटलेल्या मुलाला मिसरूड फुटत नाही. तो कधी मोठा व्हायचा असेल तर कोणीतरी बसून तसा निर्णय घ्यावा लागतो, त्याची चित्रे नव्याने काढावी लागतात, त्याचा खर्च सोसावा लागतो. चित्रांच्या जगात माणूस आहे तसाच राहणे फुकट आहे. बदलासाठी मोल पडते.

आणि स्वभाव जन्मतः ठरलेला असतो, भांडखोर तो भांडखोर, बुद्धू तो बुद्धू, ज्याची त्याची जागा ज्याला त्याला, हा विचार आपल्या समाजाला नवा नाही. गुणांवरून आणि जन्मावरून माणसांच्या पायऱ्या लावणारी व्यवस्था आपल्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या अंगावर सोसली. तिचा पायाच हा होता की माणूस बदलू शकत नाही. कार्टूनकारांनी हे शास्त्र वाचून पात्रे काढली असा माझा आरोप नाही. पण शेकडो भाग ओळीने पाहून मुलाच्या मनात जे उरते ते त्या शास्त्रापासून फार दूरचे नसते.

तरीही एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. प्रत्येक पात्राने बदललेच पाहिजे असा हट्ट धरणे म्हणजे विनोदाचा गळा घोटणे होय. १९९१ साली ‘सकाळ’मध्ये सुरू झालेला चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू वर्षानुवर्षे त्याच वयाचा राहिला आणि त्यात आपले काही बिघडले नाही. मोटू-पतलूही तसेच. ती जोडी ‘लोटपोट’ या हिंदी नियतकालिकातून पडद्यावर आली, आणि समोसा खाल्ल्याशिवाय मोटूचे डोके चालत नाही, हे पहिल्या भागात जितके खरे तितकेच शेवटच्या भागात. हसण्यासाठी काही गोष्टी स्थिर लागतात. माझी तक्रार आहे ती बदलाचे सोंग आणणाऱ्या मालिकांविषयी. शेवटच्या मिनिटाला खलपात्र हात जोडते, नायक एक उपदेश करतो, सगळे हसतात, भाग संपतो. उपदेशाने माणूस बदलतो, हा भ्रम शिक्षकाला परवडत नाही. तसे असते तर माझ्या तीस वर्षांच्या उपदेशाने परभणी जिल्ह्याचा कायापालट व्हायला हवा होता.

स्थिर मालिकेच्या पोटातही खरा बदल कसा उमलू शकतो याचे एक सुंदर उदाहरण जपानी ‘डोरेमॉन’मध्ये आहे. नोबिता हा आळशी, रडका, परीक्षेत शून्य मिळवणारा मुलगा. भविष्यकाळातून आलेले यांत्रिक मांजर डोरेमॉन पोटाच्या खिशातून रोज एक नवे उपकरण काढून त्याला देते, तो त्याचा दुरुपयोग करतो, संकटात सापडतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. यात विकास शून्य. परंतु फुजिको फुजिओ यांनी १९७४ साली मूळ चित्रकथेत एक गोष्ट लिहिली होती. तीत डोरेमॉनला निघून जावे लागणार असते आणि नोबिताचे कसे होईल या चिंतेने त्याचा पाय निघत नाही. त्या रात्री नोबिता दांडगट जियानशी कोणत्याही उपकरणाशिवाय एकटाच भिडतो. तो जिंकावा असे त्याच्यात काही नाही. तो मार खातो, पडतो, पुन्हा उठून बिलगतो, शेवटी जियानच कंटाळून माघार घेतो. डोरेमॉनने निश्चिंत होऊन जावे एवढ्यासाठी त्याने ते केले. पुढे २०१४ च्या ‘स्टँड बाय मी डोरेमॉन’ या चित्रपटातही हा प्रसंग घेतला गेला. आमच्या मुलांना तो दाखवला तेव्हा भोजनगृहात टाचणी पडली तर ऐकू आली असती. आईची गाडी फाटकाबाहेर वळताना न रडण्याचा प्रयत्न केलेल्या मुलांना नोबिता त्या रात्री काय करतो आहे हे कोणी समजावून सांगावे लागले नाही.

येथे बदल घडला तो खिसा बंद झाल्यावर. लाडू, समोसा, जादूचा खिसा हाताशी आहे तोवर पात्र आपल्या स्वभावाच्या कुंपणातून बाहेर पडत नाही, कारण बाहेर पडण्याची त्याला गरजच पडत नाही.

जुन्या पिढीतील माजी विद्यार्थ्यांना यावरून दूरदर्शनवरील मोगली आठवेल. रविवारी सकाळी गावातल्या एकुलत्या एका संचासमोर साठ-सत्तर माणसे बसत. मालिका जपानी होती, गीत गुलजारांचे, आणि शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा. मोगलीपुढचा प्रश्न खरा होता. आपण लांडगे की माणूस, आपले कोण, परके कोण? तो प्रश्न भागाच्या शेवटी पुसला जात नसे, पुढच्या रविवारी तो तेथेच उभा असे. मला वाटते, त्या मालिकेची ओढ एवढी टिकली ती त्यामुळेच.

आपल्या महाराष्ट्राचा या कलेशी संबंध फार जुना आहे, हे मुलांना सांगितले की ती चकित होतात. दादासाहेब फाळके यांनी १९१५ च्या सुमारास आगकाड्या हलवून ‘आगकाड्यांची मौज’ केली. प्रभात कंपनीने १९३४ साली ‘जंबूकाका’ नावाचे व्यंगपट काढले. पुढे फिल्म्स डिव्हिजनच्या मुंबईतील कार्टून विभागात डिस्ने स्टुडिओत काम केलेले क्लेअर वीक्स आले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या तरुणांत जी. के. गोखले होते, राम मोहन होते. त्या विभागाच्या अगदी आरंभीच्या चित्रपटांपैकी एक म्हणजे १९५७ चा ‘द बनियन डिअर’. कथा कोणती? निग्रोधमिग जातक. भारताच्या चित्रपात्रांनी शासकीय विभागात पहिली पावले टाकली ती जातककथेच्या वाटेने, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

जातकातील ती कथा आपल्या मुलांना पाठ आहे. राजाच्या स्वयंपाकघरासाठी रोज एक हरिण पाळीपाळीने मरायला जाते. एके दिवशी गाभण हरिणीची पाळी येते. तिच्या कळपाचा नायक तिला हाकलून देतो, पण दुसऱ्या कळपाचा नायक निग्रोध तिच्या जागी स्वतः मान ठेवतो. येथे बदलतो तो राजा, आणि तोही एका दमात नव्हे. तो निग्रोधाला व हरिणीला अभय देतो. निग्रोध विचारतो, बाकीच्या हरणांचे काय? मग इतर चतुष्पादांचे काय? पक्ष्यांचे, माशांचे काय? प्रत्येक प्रश्नाला राजाला एक पाऊल पुढे यावे लागते. आणि कथेचा जो शेवटचा भाग आपण मुलांना सांगताना बहुधा गाळतो, तोच मला सर्वांत मोलाचा वाटतो. अभय मिळालेली हरणे शेतकऱ्यांची पिके खाऊ लागतात. लोक राजाकडे गाऱ्हाणे नेतात, राजा दिलेला शब्द मोडायला तयार नसतो. शेवटी निग्रोध आपल्या कळपाला पिकात जाण्यास मनाई करतो आणि शेतकऱ्यांना सांगतो की कुंपण घालू नका, शेताच्या हद्दीवर पानांची खूण बांधा. हरभऱ्यात हरणे आणि रोही शिरल्यावर रात्रभर जागणाऱ्या आपल्या पालकांना हा भाग सांगून पाहा. ते खुर्चीत पुढे सरकून ऐकतात. राजा चांगला झाला, गोष्ट संपली, असे जातककार म्हणत नाही. राजा चांगला झाला, आता त्याचे भोग कोणी आणि कसे वाटून घ्यायचे, तेथून तो पुढे लिहितो.

सहलीला अजिंठ्यास गेलो की मी मुलांना पहिल्या लेण्यातील महाजनक जातकाच्या भिंतीसमोर थोडे अधिक थांबवतो. तेथे एकच राजा पुन्हा पुन्हा रंगवला आहे. राणीजवळ बसलेला, तपस्व्याचा उपदेश ऐकणारा, आपला निश्चय सांगणारा, घोड्यावर बसून नगर सोडणारा. भिंत एकच, माणूस एकच, पण तो दर वेळी निराळा. मालिका म्हणजे याहून वेगळे काय असते? फरक एवढाच की अजिंठ्याच्या चित्रकाराने आधीचा राजा पुसून नंतरचा काढला नाही. सगळे राजे एकाच वेळी भिंतीवर आहेत.

याच मुंबईत, याच परंपरेतील राम मोहन यांच्या हातून नव्वदच्या दशकात ‘मीना’ आकाराला आली. सार्क देशांनी १९९१ ते २००० हे दशक बालिकांचे म्हणून जाहीर केले होते आणि युनिसेफने दक्षिण आशियासाठी ही मालिका योजली. आपल्या शाळांतून ‘मीना राजू मंच’ चालतो, त्यामुळे मीना, तिचा भाऊ राजू आणि मिठू पोपट हे सर्वांच्या ओळखीचे आहेत. पण मंचाच्या फलकावरची मीना पाहून मूळ मालिकेची कल्पना येत नाही. फलकावरची मीना आदर्श बालिका आहे, मालिकेतली मीना भुकेली आहे. आंब्याच्या वाटणीचा भाग आठवा. घरात आंबा येतो आणि मोठा वाटा राजूला जातो, कारण तो मुलगा आणि तो म्हणे अधिक काम करतो. मीना वाद घालते, आणि ठरते की एक दिवस दोघांनी एकमेकांची कामे करायची. राजू झाडतो, पाणी भरतो, कोंबड्या पाहतो, धाकटीला सांभाळतो. संध्याकाळी मीनाच्या वाट्याचे ताट त्याच्यापुढे येते आणि ते त्याला पुरत नाही.

मुलीने समतेवर भाषण केले असते तर राजूने जांभई दिली असती. त्याला समता कळली ती दुखऱ्या कमरेतून आणि अर्ध्या पोटातून. विशेष म्हणजे या भागात खरा बदललेला मीना नव्हे, राजू आहे. हे आपल्या लक्षात येत नाही, कारण नायकच बदलला पाहिजे अशी आपली समजूत आहे. मीना जागची हलत नाही. ती अशा ठिकाणी उभी राहते की इतरांना हलावे लागते. आणि राजूची ती आठवण पुढच्या भागांत पुसली जात नाही. तो बहिणीच्या बाजूचा होतो. आमच्या वसतिगृहात आठवीच्या मुलांनी तो भाग पाहून आठवडाभर मुलींच्या पाळीची भांडी घासली होती. पुढच्या आठवड्यात नाही घासली, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो.

‘मीना’वर माझा एक आक्षेप आहे. तीतील मोठी माणसे फार लवकर शहाणी होतात. बारा-तेरा मिनिटांत बापाला मुलीच्या शिक्षणाचे महत्त्व पटते आणि ते पटलेलेच राहते. आपल्याकडे असे घडत नाही. काही वर्षांपूर्वी एक पालक आषाढात आपल्या मुलीला आठवीत घालून गेले, जाताना माझ्या पाया पडू लागले, मी त्यांना अडवले. “सर, काय बी झालं तरी पोरीला शिकवनार,” म्हणाले. दिवाळीच्या तोंडावर तेच गृहस्थ दाखला मागायला आले. मुकादमाकडून उचल घेतली होती, आणि फडावर हिशेब कोयत्याचा असतो, म्हणजे जोडीचा. घरातले एक माणूस आजारी पडले की जोडी तुटते, आणि पोरीचे लग्न लावले की नवी जोडी उभी राहते. ते मला तोंड दाखवत नव्हते. मुलगी गेली. संक्रांतीनंतर एके सकाळी फाटकाशी बापलेक उभे, अंगावर उसाचे पाचट तसेच. लग्न मोडून तिला घेऊन आले होते. काही बोलले नाहीत, आम्हीही विचारले नाही. पुढच्या वर्षी पुन्हा डगमगले, पुन्हा समजावले. ती मुलगी बारावी झाली. त्या माणसाचे ‘परिवर्तन’ नेमके कोणत्या दिवशी झाले असे कोणी विचारले तर मला तारीख सांगता येणार नाही, आणि मी तर तारखा सांगण्यावर पोट भरणारा माणूस आहे.

अशा मागेपुढे होणाऱ्या माणसाचे चित्रण कार्टूनमध्ये होऊ शकते यावर माझा विश्वास नव्हता. आपला एक माजी विद्यार्थी पुण्यात याच क्षेत्रात काम करतो. त्याने हट्टाने मला ‘अवतार’ ही अमेरिकी मालिका पाहायला लावली. निकलोडियन वाहिनीवर २००५ ते २००८ या काळात ती ६१ भागांत आली. तीत एक राजपुत्र आहे, झुको. अग्निराष्ट्राचा हा वारस तेरा वर्षांचा असताना बापानेच त्याचा चेहरा जाळून त्याला हद्दपार केले आहे, आणि अवताराला पकडून आणलेस तरच तुझी प्रतिष्ठा परत मिळेल असे सांगितले आहे. सोबत आहे तो चहाचा शौकीन म्हातारा काका, आयरो. दुसऱ्या पर्वात हा मुलगा निर्वासितांमध्ये राहतो, उपाशी हिंडतो, चहाच्या दुकानात काम करतो, आणि आपल्याला वाटू लागते की आता हा सुधारला. नेमक्या त्याच क्षणी, दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस, तो काकाचा विश्वासघात करून बहिणीच्या बाजूला जातो. पहिल्यांदा पाहताना मला इतका संताप आला की मी भ्रमणध्वनी बंद करून ठेवला. दुसऱ्या दिवशी फाटकाशी उभा असलेला तो पालक आठवला आणि पुन्हा सुरू केला.

तिसऱ्या पर्वात झुकोला जे हवे होते ते सगळे मिळते. बाप, राजवाडा, प्रतिष्ठा. आणि मिळाल्यावरच त्याला कळते की हे आपल्याला नको होते. तो बापासमोर उभा राहून सत्य सांगतो आणि ज्यांचा पाठलाग केला त्या मुलांकडे जातो. ती मुले त्याला मिठी मारत नाहीत. अनेक भागांपर्यंत त्याच्यावर कोणाचा विश्वास नसतो, आणि तो नसणेच योग्य असते. काकाच्या तंबूत तो रात्रभर जागून बसतो, क्षमा मागण्यासाठी शब्द जुळवतो, आणि काका जागा होऊन त्याला शब्द पुरे करू न देता जवळ घेतो. मालिकाकारांनी या मुलाचे केससुद्धा बदलत नेले आहेत. राजपुत्राची शेंडी तो कापून टाकतो, मग केस हळूहळू वाढतात. चेहऱ्यावरचा डाग मात्र अखेरपर्यंत राहतो. आणखी एक सूक्ष्म गोष्ट अशी की झुकोचा एक पूर्वज युद्ध सुरू करणारा राजा आहे आणि दुसरा पूर्वज पूर्वीचा अवतार. दोन्ही रक्ते त्याच्यात आहेत, म्हणजेच रक्ताने काहीच ठरत नाही. त्याला निवडावे लागते.

अंगुलिमालाची गोष्ट आपण मुलांना सांगतो तेव्हाही बहुतेक वेळा तो शस्त्र टाकतो तेथे थांबतो. मज्झिमनिकायातील सुत्त तेथे थांबत नाही. भिक्षू झाल्यावर तो भिक्षेला जातो आणि लोकांचे दगड त्याच्यावर येऊन पडतात. डोके फुटलेले, भिक्षापात्र मोडलेले, चीवर फाटलेले अशा अवस्थेत तो तथागतांकडे येतो, आणि तथागत त्याला ते सहन करायला सांगतात. गावाने विसरावे अशी मागणी तो करत नाही. ढोलकपूरच्या गावकऱ्यांना काहीच आठवत नाही, म्हणून कालियाला कधी बदलता येत नाही, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. ज्याचे अपराध कोणी लक्षात ठेवत नाही त्याचे प्रायश्चित्त तरी कोण लक्षात ठेवणार?

पुण्याच्या त्या विद्यार्थ्याला मी विचारले की आपल्याकडे असे का होत नाही. तो म्हणाला, सर, आमच्याकडे भाग येतो तेव्हा पात्र आधीच ठरलेले असते. ते कसे हसते, कसे रागावते, याचे तक्ते मिळतात. त्याच्या बाहेर रेघ गेली तर परत पाठवतात. मग थोडा वेळ थांबून म्हणाला, पण तक्ता कोणीतरी काढलेलाच असतो ना. आपल्या शाळेची दोन-तीन मुले आज या व्यवसायात आहेत, आणखी काही जातील. त्यांच्यापैकी कोणाच्या हाती कधी तो तक्ता आला, तर या जिल्ह्यातील एखादे मूल, त्याचा फडावरचा बाप, त्याचे बदललेले आणि न बदललेले दिवस, हे सारे त्यात यावे अशी माझी इच्छा आहे. त्यासाठी लाडवांची गरज नाही.

या वर्षी आठवीला निबंधाचा विषय दिला होता, ‘कालियाचे पुढे काय झाले?’ बहुतेकांनी त्याला पैलवान केले, तिघांनी पोलीस केले, एकाने मारून टाकले. एका मुलीने लिहिले की कालिया आईवडिलांबरोबर ऊस तोडायला गेला. तेथे कोपीत राहिला, मोळ्या वाहिल्या. सहा महिन्यांनी गावात परत आला तेव्हा ढोलू-भोलू दुसऱ्या कोणाच्या मागे हिंडत होते आणि शाळेत सगळे धडे पुढे गेले होते. तो भीमाच्या घरी गेला. भीमाने नेहमीप्रमाणे लाडू पुढे केला. कालिया म्हणाला, लाडू नको, वही दे.

निबंध तेथेच संपला होता. मी तिला बोलावून विचारले, “मग भीमाने दिली का वही?”

“सर,” ती म्हणाली, “ते फुडच्या भागात हाय.”